‘कुलीन कांता’ आणि आपल्या अर्जातला चौथा रकाना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एकदोन तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



‘जुने चित्रपट’ ह्या विषयावर मी अर्धा तास बोलावे असे कार्यकारिणीने कळविले, तेव्हा बहुतेकींच्या मनात जुनी गाणी असणार. मध्ये मध्ये दोनचार ओळी म्हणून दाखवाव्या, सगळ्यांनी ताल धरावा, असा बेत असेल. तो मी आज मोडणार आहे. मी इतकी मागे जाणार आहे की तिथे गाणे नाही, आणि बोलणेही नाही. पडद्यावर माणसे नुसते ओठ हलवीत, मध्येच अक्षरांची पाटी येई, आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. खाली कोपऱ्यात एक पेटीवाला आणि एक तबलजी बसलेला असे. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि 1931 साली ‘आलम आरा’ बोलू लागला. मधल्या अठरा वर्षांचा हा काळ.

‘हरिश्चंद्रा’तली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. पडद्यावर यायला बाईच मिळेना. पुढे त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला ह्या दोघींनी काम केले. आपल्या पडद्यावरच्या ह्या पहिल्या स्त्रिया. ह्या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. दुर्गाबाई आल्या कुठून? नवऱ्याचे घर सुटलेले, पदरात पोर, पोटासाठी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरणे, असा त्यांचा मार्ग होता. म्हणजे आपल्या चित्रपटाच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल टाकणारी बाई हीच मुळी मागचे घर मागे टाकून आलेली होती. समाजाने तिला कसे वागविले असेल ते सांगायला नको.

पडद्यावरच्या कथाही पुष्कळदा अशाच बाईच्या. 1920 साली अमेरिकेत ग्रिफिथ ह्या दिग्दर्शकाने ‘वे डाउन ईस्ट’ नावाचा मूकपट काढला. तो आजही पाहायला मिळतो; माझ्या नातवाने मला मोबाइलवर लावून दिला आणि मी दोन दुपारी बसून पुरा पाहिला. एका गरीब पोरीला एक श्रीमंत माणूस खोटेच लग्न लावून फसवितो. मूल होते आणि दगावते. ती बिचारी नाव-गाव मागे ठेवून दूर एका शेतकऱ्याच्या घरी कामाला राहते. घर तिला लेकीसारखे मानू लागते. मग गावातल्या एका चहाटळ बाईला तिची मागची हकिगत समजते, ती धावत जाऊन यजमानाच्या कानी घालते, आणि तो भला गृहस्थ हिमवादळाच्या रात्री तिला घराबाहेर काढतो. पुढे ती नदीतल्या तरंगत्या बर्फावर बेशुद्ध पडलेली, समोर धबधबा, आणि घरचा मुलगा एका लादीवरून दुसऱ्या लादीवर उड्या टाकीत तिला वाचवायला येतो. लिलियन गिश हिने काम असे केले आहे की शंभर वर्षांनीही पाहणाऱ्याचे डोळे ओले होतात. मला मात्र बर्फापेक्षा ती चहाटळ बाईच जास्त दिसत राहिली. ती दुष्ट नाही हो. तिला फक्त बातमी पोटात ठेववत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. ती आधी खरी घडली, आणि मग पडद्यावर गेली.

12 जानेवारी 1925 ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनजवळून एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हे तरुण, श्रीमंत व्यापारी, आणि त्यांच्याबरोबर मुमताज बेगम नावाची बावीस वर्षांची स्त्री. मागून दुसरी मोटार आली, तिने ह्यांना अडविले. माणसे उतरली. बावलांना गोळ्या घातल्या; त्यातच त्यांचा अंत झाला. मुमताजला ओढून आपल्या मोटारीत घालण्याची खटपट चालली, आणि ती येईना तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. चेहऱ्यावरच का, हे ध्यानात घ्या. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईचे पोट कशावर चालते ते वार करणाऱ्यांना ठाऊक होते. इतक्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी वाट चुकून त्याच रस्त्याला आले. त्यांच्यातल्या एकाच्या हाती शस्त्र म्हणजे गोल्फची काठी. ते आरडाओरडा ऐकून धावले, एकाला गोळी लागली, तरी त्यांनी बाईला सोडविले आणि काही हल्लेखोर जागीच धरले.

शोध इंदूरच्या दरबारापर्यंत पोहोचला. मुमताज लहान वयातच गायिका-नर्तकी म्हणून तिथे आलेली. महाराजा तुकोजीराव होळकर ह्यांच्या जनानखान्यात वाढलेली. न्यायालयात तिने स्वतः उभे राहून सांगितले की माझ्यावर सतत पहारा असे, नातलगांनाही एकटीने भेटता येत नसे. तिला तिथे मुलगी झाली होती. ती मुलगी दायांनी मारली आणि तेव्हापासून मला इंदुरास राहावयाचे नव्हते, असेही तिने शपथेवर सांगितले. ती निसटली आणि आईच्या माहेरी अमृतसरला गेली. तिथेही माणसे मागावर. तिथून मुंबई. मुंबईतही तेच.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प ह्यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. सरकारतर्फे जमशेटजी कांगा होते. आरोपींतले इंदूर फौजेचे एक बडे अधिकारी आनंदराव फणसे ह्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर जीनांनी घेतले होते. 1925 च्या मे महिन्यात निकाल लागला. तिघांना फाशी सांगितली गेली, त्यांतल्या दोघांना ती प्रत्यक्ष झाली. आणखी काहींना जन्मठेप. महाराजांना सरकारने पर्याय दिला, चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा. त्यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. म्हणजे त्यांची स्वतःची चौकशी अशी झालीच नाही.

भगिनींनो, आपण श्रावणात वेरूळला जातो. घृष्णेश्वराचे ते तांबूस दगडाचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, त्याच्या पायरीला आपण डोके टेकतो. अहिल्याबाई 1795 साली गेल्या. त्यांनी जी गादी पदर खोचून सांभाळली, तिच्याच वाड्यातून एकशेतीस वर्षांच्या आत एका बाईला जीव मुठीत धरून पळावे लागले. मी वेरूळला गेले की हल्ली ह्या दोघींची आठवण मला बरोबरच येते, त्याला माझा इलाज नाही.

ही हकिगत मला पुस्तकातून प्रथम कळली नाही. माझी आजी त्या वर्षी एकोणीस वर्षांची, नुकती लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आलेली. मलबार हिल तिथून कितीसे दूर! चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, पुरुष भोवती बसत, आणि बायका दाराआड उभ्या राहून ऐकत. कढी उतू जाई, पण खटला चुकत नसे. चाळीतले मत बहुतेक एकच होते. “बाईच तसली, मग दुसरे काय होणार?” कुणी म्हणे, राजाचे अन्न खाल्ले आणि उलटली. कुणी म्हणे, बावलाने तरी असल्या बाईला घरात का घ्यावे. आजी सांगे की मीही मान डोलावीतच होते.

एकटी माझी पणजी गप्प असे. ती सोवळी बाई, केस उतरलेले, तांबडे आलवण, चाळीत तिचा दरारा होता. एके दिवशी ती चूल सारवता सारवता म्हणाली, “त्या सोजिरानं विचारलं का गं, ही कोणाची कोण, कुठनं आली म्हणून? काठी उचलली नि धावला ना?” एवढेच म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली. आजी म्हणे की त्या दिवशी स्वयंपाकघरात जे गप्प झाले, ते जेवणे होईपर्यंत.

त्याच वर्षी, 1925 मध्ये, ह्या प्रकरणावर मूकपट निघाला. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीचा, द्वारकादास संपतांच्या. लेखक मोहनलाल दवे, दिग्दर्शक होमी मास्टर. नाव ‘कुलीन कांता’. खटल्याची शाई वाळते न वाळते तोच चित्र पडद्यावर! लोकांनी गर्दी केली. आमच्या आजीला काही जायला मिळाले नाही. चाळीतले एक भाऊजी पाहून आले आणि त्यांनी गॅलरीत बसून सबंध कथा सांगितली. मोटारीचा पाठलाग कसा, पिस्तूल कसे, हातवारे करून. आजीने दाराआडून आपल्या जावेकरवी विचारले, “तिच्या लेकीचं दाखवलंय का?” भाऊजी म्हणाले, “ते कुठं लक्षात राहतंय वैनी.”

चित्रपट आज पाहायचा म्हटला तर नाही. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत, भडकन् पेट घेणाऱ्या. कित्येक जळाल्या, कित्येक कुजल्या, कित्येक त्यातली चांदी काढण्यासाठी वितळविल्या गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली निघाले, तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झालेले होते. तेव्हा ह्या चित्रपटाचे गुणदोष मी सांगू जाणार नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या नावाविषयी.

‘कुलीन कांता.’ चांगल्या कुळातली स्त्री. हे नाव का दिले असेल? चित्रपट काढणारी माणसे व्यवहारी होती. प्रेक्षकांनी ह्या बाईसाठी टिपे गाळावी असे वाटत असेल, तर आधी तिला कुलीन म्हटले पाहिजे, हे त्यांना नेमके कळले होते. नाचणारीचे पोर मेले, नाचणारीचे तोंड कापले, ह्याला तिकीट खपणार नाही. ‘कुलीन’ शब्द जाहिरातीवर चढवा, की मग रडायला परवानगी! मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी आपल्याला बरोबर ओळखले, एवढेच म्हणते.

कूळ कसे मिळते त्याचीही एक गंमत सांगते. गादी सोडल्यावर, 1928 साली, तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर ह्या अमेरिकन मुलीशी लग्न केले. त्याआधी नाशिकला तिला हिंदू धर्माची दीक्षा देण्यात आली. तिचे नाव शर्मिष्ठादेवी झाले. त्या बाईविषयी मला वाईट काही म्हणायचे नाही. पण पाहा, सातासमुद्रापलीकडच्या मुलीची मागची पाटी एका विधीने कोरी होऊ शकली. कारण मागे एक महाराज उभे होते. मुमताजसाठी असा विधी कुणाच्या पोथीत नव्हता. तिच्यामागे जो उभा राहिला, तो मलबार हिलच्या रस्त्यावर मेला. तुकोजीराव पुढे पुष्कळ वर्षे जगले आणि 1978 मध्ये पॅरिसला वारले. मुमताज लोकांच्या नजरेआड झाली. खरे म्हणजे तिला तेच तर हवे होते.

इथे खरे तर माझे भाषण संपायला हवे. चहा झाला आहे असा स्वयंपाकघरातून निरोपही आला आहे. पण मी हा विषय का निवडला ते सांगितल्याशिवाय बसले तर ते लबाडीचे होईल.

आठ वर्षांपूर्वी, मी मंडळाची चिटणीस असताना, आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एक बाई राहायला आली. बरोबर दहाअकरा वर्षांची मुलगी. तुमच्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, मी नाव घेणार नाही. मंगळागौरीच्या तालमीला ती आली होती. फुगडी अशी घाली की आपल्या तरुण मुली थकल्या, ती थकेना. तिने सभासद होण्यासाठी अर्ज भरून दिला. आपला अर्ज आपल्याला माहीत आहे. चौथा रकाना, ‘पतीचे नाव व व्यवसाय’. तिथे तिने नुसती एक आडवी रेघ ओढली होती.

मी म्हटले, “हे राहिलंय वाटतं.”

ती म्हणाली, “राहिलं नाही ताई. तिथं लिहायचं काही नाही.”

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? कपाळाला टिकली होती, गळ्यात काही नव्हते; दोन आणि दोन चार करण्याइतके आम्ही शिकलेल्या आहोत. पण आमचे चार होऊन समाधान होईना. “आपल्या मंडळात येणार, आपल्या घरात वावरणार, माहिती नको का?” असे एकीने म्हटले आणि मला ते पटले. दुसरीची मावसबहीण त्याच गावची निघाली. फोन झाले. आठ दिवसांत आम्हाला सगळे समजले: ती कुणाच्या घरून निघून आली, का आली, मुलीला कशी उचलून आणली. आम्ही फक्त विचारले होते. इकडून प्रश्न गेला की तिकडे पत्ता जातो, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आले नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी दारात गहू निवडीत होते. एक बरा दिसणारा गृहस्थ आला. पायात बूट, हातात मिठाईचा पुडा. त्याने नाव सांगून विचारले, “इथंच राहतात ना?” मी सुपातून एक हात मोकळा केला आणि वर बोट दाखविले. जिना कोणता, तेही सांगितले.

पुढचे थोडक्यात सांगते. वर भांडी पडल्याचा आवाज आला, मग मुलीची किंकाळी. आम्ही सगळ्या गॅलऱ्यांत येऊन उभ्या राहिलो. “नवराबायकोचं आहे, मध्ये कसं पडायचं,” असे कुणी म्हणाले. मीच म्हणाले असेन. खाली जिन्याशी इस्त्रीचे टेबल लावणारा जो होता, तो तापलेली इस्त्री तशीच बाजूला उभी करून वर धावला. तो माणूस निघून गेला. बाईचा हात सुजला होता आणि ओठ फुटला होता.

2005 साली घरातल्या हिंसेविरुद्ध स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो. आपल्या मंडळात त्यावर एक व्याख्यानही झाले होते. मी त्या व्याख्यात्या बाईंना नारळ दिला होता. त्या दुपारी त्यातले मला काही एक आठवले नाही. मी वर गेले ते संध्याकाळी, वाटीत हळदीचे दूध घेऊन. तिने दार उघडले, दूध घेतले, मुलीला दिले. मला म्हणाली, “ताई, त्यांना पत्ता कुणी दिला हो?” तिला खरेच ठाऊक नव्हते. मी म्हटले, “कोण जाणे.”

तिसऱ्या दिवशी पहाटे ती सामान घेऊन गेली. कुठे, ते तिने कुणाला सांगितले नाही. ह्या वेळी मीही विचारले नाही.

आज आठ वर्षांनी मी खरे उत्तर इथे सर्वांसमोर देत आहे, ज्या बाईला द्यायचे होते ती समोर नसताना. ह्याला धीर म्हणत नाहीत, हे मला कळते.

तिचा अर्ज माझ्या कपाटात आहे. चिटणीसपद सोडताना मी सगळी कागदपत्रे दिली, हा एक ठेवून घेतला. ह्या भाषणाच्या तयारीसाठी तो पुन्हा काढला, तेव्हा प्रथमच पुरा वाचला. सहावा रकाना ‘आवड’. तिथे तिने बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिले आहे: ‘पोहणे. नदीत, विहिरीत, दोन्हीकडे येते. मुलींना शिकवीन.’ आपल्या मंडळात त्या वर्षी मुलींसाठी उन्हाळी वर्ग काय घ्यावा ह्यावर तीन सभा झाल्या होत्या. शेवटी मेंदीचा घेतला.

मी आजच सकाळी आपल्या चिटणीसबाईंना एक पत्र दिले आहे. सभासदाच्या अर्जातील चौथा रकाना काढून टाकावा, आणि कुठल्याही सभासद बाईची चौकशी बाहेरून आली तर तिला विचारल्यावाचून तिचा पत्ता कुणी देऊ नये, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन देणारी एक पाहिजे. दोघीतिघींशी बोलले, एकीने विचारले, “मग उद्या कुणीही येईल की!” येईल. त्यावर वाद होणार हे मला दिसते आहे, आणि वादासाठी वेळ राखून ठेवावा असे मी अध्यक्षबाईंना सांगितले आहे. वार्षिक सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चार वाजता, ह्याच सभागृहात आहे. नव्या अर्जाचा कच्चा नमुना मी लिहून आणीन. चहा निवतो आहे. मी इथे थांबते.